घर शाळा पाहून घेतलं, आता शाळेची हद्द बदलते आहे

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या वेक कौंटीत (कौंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग), एपेक्स गावाच्या पश्चिमेला राहणाऱ्या एका ताईंचा प्रश्न आहे. दोन वर्षांपूर्वी ठरावीक प्राथमिक शाळा मिळावी म्हणून त्यांनी तिथे घर घेतलं, त्यासाठी चार पैसे जास्त मोजले. आता शाळांच्या हद्दींच्या नव्या वर्षाच्या मसुद्यात त्यांची निम्मी वसाहत एका नव्या, मल्टी-ट्रॅक (मुलांचे गट आळीपाळीने सुट्टीवर जाऊन वर्षभर चालणाऱ्या) शाळेला जोडली आहे. मुलगी पुढच्या वर्षी पाचवीत जाईल, मुलगा किंडरगार्टनमध्ये. हे कोण ठरवतं आणि कशावरून? भारतीय लोक फारसे बोलत नाहीत म्हणून आमच्यावर आणलं का? सुनावणीत आम्ही काय बोलावं?

ताई, शाळांच्या हद्दी आखण्याचं काम मी बरीच वर्षं केलं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. तातडीचं आहे ते आधी. वाढत्या कौंटीत हद्दी बदलणारच, आणि ‘आमची बदलू नका’ एवढीच मागणी घेऊन जाणाऱ्यांच्या हाती सहसा काही लागत नाही. मागण्यासारखी गोष्ट वेगळी आहे. एकाच मुलाला प्राथमिक शाळेच्या सहा वर्षांत (पहिलीआधीचं किंडरगार्टन ते पाचवी) दोनदा हलवू नका. हलवायचंच असेल तर पुढच्या पाच-सात वर्षांचा पट डोळ्यांसमोर ठेवून एकदाच हलवा, आणि मग ती रेषा टिकवा. नियोजन खात्याकडून पालकांना खरोखर मिळू शकेल असं हे एकच वचन आहे, असं माझं ठाम मत आहे. बाकीचं उत्तर ते वचन कशाने मोडतं आणि कसं मिळवता येतं याबद्दल.

महाराष्ट्रातून आलेल्या पालकांना ही पद्धतच नवी असते. आपल्याकडे आरटीईच्या २५ टक्के जागांसाठी घरापासूनचं अंतर मोजतात. एरवी शाळा पालक निवडतात. इथे सरकारी शाळेचा प्रवेश पत्त्यावरून ठरतो. वेक कौंटीचा नकाशा लहान लहान तुकड्यांत विभागलेला आहे आणि त्या तुकड्याला ‘नोड’ म्हणतात. नोडला क्रमांक असतो, त्यातल्या मुलांची इयत्तावार संख्या नियोजन खात्याकडे असते, आणि शाळा बदलते ती अख्ख्या नोडची. तुमची वसाहत मधोमध कापली गेली असेल तर बहुधा ती दोन नोडमध्ये पडते. एकेका टप्प्यात वसाहत बांधली गेली की असं होतं. तुमचा नोड क्रमांक आजच शोधून ठेवा, पुढे लागेल.

कोण ठरवतं? अंतिम मत निवडून आलेल्या स्कूल बोर्डाचं. पण बोर्डाच्या हातात किती कमी आहे हे कळलं तर तुमचा अर्धा राग योग्य ठिकाणी जाईल. घरांना परवानगी देते त्या त्या गावाची नगर परिषद. शाळा बांधायला पैसे देतात कौंटी कमिशनर, बरेचदा मतदारांनी मंजूर केलेल्या रोख्यांतून. २००६ मध्ये ९७ कोटी डॉलरचे रोखे मंजूर झाले, २०२२ मध्ये सुमारे ५३ कोटींचे. शिक्षकांच्या पगाराचा मोठा भाग राज्याकडून येतो आणि खालच्या इयत्तांत एका वर्गात किती मुलं बसवायची हेही राज्यच ठरवतं. बोर्डाला स्वतःचा कर लावण्याचा अधिकार नाही. मग जागा नसेल तर नवी घरं थांबवा, किंवा बिल्डरकडून शाळेसाठी पैसे घ्या, असं कुणालाही वाटेल. शार्लटजवळच्या कबॅरस कौंटीने तसं करून पाहिलं. २०१२ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की कौंटीला तसा अधिकारच नाही. त्यामुळे नगर परिषदेने पाचशे घरं मंजूर केली की ती मुलं कुठे बसवायची याचं उत्तर बोर्डाला द्यावंच लागतं. नाही म्हणायची सोय त्याला नसते.

म्हणजेच, आज तुमच्या दारावरून गेलेली रेषा पाच-सहा वर्षांपूर्वी जमिनीच्या वापरबदलाला मंजुरी मिळाली तेव्हाच अर्धीअधिक आखली गेली होती. त्या बैठकींना शाळेबद्दल बोलायला जवळजवळ कुणीही पालक येत नाही. हे मला फार खटकतं, कारण त्या टप्प्यावर शाळेसाठी जमीन राखून ठेवणं, मुलांना चालत जाता येईल असा फुटपाथ करून घेणं, या गोष्टी बोलण्यातून घडू शकतात. हद्दीचा मसुदा येईपर्यंत शाळेची जागा ठरून इमारतही उभी राहिलेली असते.

वाढ किती, तर २००० च्या जनगणनेत वेक कौंटीची लोकसंख्या ६,२७,८४६ होती, २०२० मध्ये ११,२९,४१०. तुमचं एपेक्स २०,२१२ वरून ५८,७८० वर गेलं, हॉली स्प्रिंग्ज ९,१९२ वरून ४१,२३९ वर, मॉरिसव्हिल ५,२०८ वरून २९,६३० वर. रिसर्च ट्रँगल पार्क या कंपन्यांच्या वसाहतीतल्या नोकऱ्या आणि त्यांच्याभोवतीची मोकळी जमीन, दोन्ही कौंटीच्या पश्चिमेला. नव्या शाळांची गरज इकडे, आणि रॉली शहराच्या जुन्या भागातल्या, जागा रिकाम्या असलेल्या इमारती तिकडे. १९८२ पासून तिथे मॅग्नेट शाळा (खास अभ्यासक्रम देऊन दुरून मुलं ओढणाऱ्या) चालवल्या जातात त्यामागे, इतर हेतूंबरोबरच, त्या जागा भरण्याचाही हेतू आहे.

आता आमच्या, म्हणजे नियोजन करणाऱ्यांच्या, हिशेबाबद्दल, कारण सुनावणीत तुम्हाला याच भाषेत बोलायचं आहे. पुढच्या वर्षीचा पट काढायची जुनी आणि अजूनही चांगली रीत म्हणजे इयत्तांचं गुणोत्तर. गेल्या काही वर्षांत दुसरीतली शंभर मुलं तिसरीत जाताना शंभरची किती झाली ते पाहायचं. वाढत्या भागात शंभरची एकशेचार-पाच होतात, जुन्या भागात सत्त्याण्णव. किंडरगार्टनसाठी पाच वर्षांपूर्वीचे जन्म घेतात. पण तुमच्या भागात ही रीत तोकडी पडते, कारण इथल्या किंडरगार्टनमधली कितीतरी मुलं जन्मली पुण्यात, हैदराबादला नाहीतर न्यू जर्सीत, आणि आईबाप इथे आले ते मूल तीन-चार वर्षांचं झाल्यावर. म्हणून दुसरा हिशेब जोडावा लागतो, घरामागे मुलं. स्वतंत्र घर, टाउनहोम, अपार्टमेंट या प्रत्येकामागे किती मुलं शाळेत येतात त्याची सरासरी काढायची आणि मंजूर घरांच्या संख्येने गुणायचं. उदाहरणापुरतं धरा : स्वतंत्र घरामागे प्राथमिकची ०.४ मुलं आणि अपार्टमेंटमागे ०.१५. मग ३०० घरं आणि ३०० अपार्टमेंट मिळून १२० अधिक ४५, म्हणजे १६५ मुलं. एवढ्याला आठ-नऊ वर्गखोल्या हव्यात.

या हिशेबात चूक होते ती नेहमी एकाच जागी. अपार्टमेंटची कौंटीभरची सरासरी घेतली जाते. रॉलीच्या मध्यवस्तीतल्या अपार्टमेंटमध्ये एकेकटे तरुण राहतात. मॉरिसव्हिल किंवा कॅरी गावाच्या पश्चिम भागातल्या दोन बेडरूमच्या अपार्टमेंटमध्ये चौकोनी कुटुंब राहतं, भाडं जास्त पडलं तरी चालेल पण ही शाळा हवी म्हणून. तिथे ०.१५ धरलं आणि ०.३५ निघालं की दोनच वर्षांत शाळेच्या मागे ट्रेलर, म्हणजे तात्पुरत्या वर्गखोल्या, लागतात, आणि मग जी रेषा सात वर्षं टिकायची ती तिसऱ्या वर्षी परत हलवावी लागते. म्हणून आसपासच्या, तीन ते पाच वर्षं जुन्या अपार्टमेंटमधली खरी मुलं मोजून गुणोत्तर काढलं आहे का, हा सुनावणीतला पहिला नेमका प्रश्न. याचं उत्तर आकड्यात मिळायला हवं.

शाळेत ‘जागा’ किती हाही दिसतो तितका सोपा आकडा नाही. राज्याने किंडरगार्टन ते तिसरीचे वर्ग लहान करायचा कायदा केला आणि तो टप्प्याटप्प्याने २०२१ पर्यंत लागू झाला. शिक्षणाच्या दृष्टीने चांगलं पाऊल, पण एक वीटही न हलता इमारती लहान झाल्या. प्रत्येक इयत्तेच्या चार तुकड्या असलेली शाळा घ्या. किंडरगार्टन ते तिसरी म्हणजे १६ वर्ग, प्रत्येकी चार मुलं कमी केली तर ६४ जागा गेल्या. शिवाय विशेष शिक्षणाचा वर्ग असेल तर आठ-दहा मुलांना पूर्ण खोली लागते, आणि लागायलाच हवी. मग चित्रकलेची खोली वर्गासाठी घेतली जाते आणि कलाशिक्षिका रंग-कागद ढकलगाडीवर घालून वर्गावर्गांतून फिरतात. ट्रेलरने वर्ग वाढतात. कॅफेटेरिया, जिम, टॉयलेट आणि गाड्यांची रांग वाढत नाही. मुलांना साडेदहाला जेवायला बसवणारी शाळा भरलेली आहे, मग कागदावर काहीही लिहिलेलं असो.

इथे आपण सगळ्यात कठीण मुद्द्यावर येतो, आणि तुमचा प्रश्नही खरं तर तोच आहे. नवी शाळा उघडते तेव्हा ती भरून उघडायची की रिकामी ठेवून?

समजा नव्या शाळेत ८०० जागा आहेत. शेजारच्या तीन शाळा ओसंडताहेत. तिन्हींतून मिळून ८०० मुलं काढली तर पहिल्या वर्षी सगळ्यांना बरं वाटतं, ट्रेलर जातात, वर्तमानपत्रात फोटो येतात. पण नवी शाळा जिथे बांधली तिथे ती बांधली कशासाठी? आजूबाजूला आणखी घरं येणार आहेत म्हणून. ती घरं दोन-तीन वर्षांत भरतात, शाळा ओसंडते, आणि आता बाहेर काढायचं कुणाला, तर तीन वर्षांपूर्वी आणलेल्यांपैकीच कुणाला तरी. पहिलीत हलवलेलं मूल चौथीत पुन्हा हलतं. मित्र दोनदा तुटतात. बोलायला उशीर लागलेल्या किंवा अजून इंग्रजी शिकत असलेल्या मुलाचं तर वर्षच्या वर्ष जातं. याची किंमत कुठल्याच तक्त्यात येत नाही, म्हणून ती मोजली जात नाही.

उलट, ८०० जागांची शाळा ५०० मुलांवर उघडली तर पहिली दोन वर्षं बोर्डावर टीकेची झोड उठते. शेजारच्या शाळेतले पालक विचारतात, आमची मुलं ट्रेलरमध्ये आणि तिथे खोल्यांना कुलपं, हा कुठला न्याय? त्यांचंही खोटं नाही. कमी पटामुळे नव्या शाळेला शिक्षकही मोजके मिळतात, दोन इयत्तांचा मिळून एखादा वर्ग करावा लागतो. तरीही माझं मत रिकाम्या जागा ठेवून उघडण्याच्या बाजूचं आहे, आणि ते मत वर्षागणिक पक्कं होत गेलं आहे. दोन वर्षांची गैरसोय भरून निघते, मुलाची दुसरी बदली भरून निघत नाही. यावर बोर्डाला पाठिंबा देणारे पालक सुनावणीत फार क्वचित दिसतात, कारण ज्यांची दुसरी बदली टळणार असते त्यांना ते कळलेलंच नसतं. तुमच्या मसुद्यात नव्या शाळेचा पहिल्या वर्षीचा पट आणि पाचव्या वर्षीचा अंदाज दोन्ही असतील. पहिल्याच वर्षी ९५ टक्के भरलेली दिसली तर विरोध करायला तो खरा मुद्दा आहे, तुमची वसाहत कुठल्याही बाजूला पडो.

मल्टी-ट्रॅकबद्दल थोडक्यात. चार ट्रॅक असतात, नऊ आठवडे शाळा आणि तीन आठवडे सुट्टी असं चक्र. कुठल्याही दिवशी तीन ट्रॅक आत आणि एक बाहेर. त्यामुळे ७५० मुलांच्या इमारतीत १,००० मुलं मावतात. सकाळ-दुपारच्या अधिवेशनाची शाळा पाहिलेल्या आपल्या लोकांना यातली कल्पना लगेच कळते, फक्त इथे वाटणी दिवसाची नसून वर्षाची आहे. वेकने २००७ च्या सुमारास वीसेक शाळा सक्तीने अशा केल्या तेव्हा पालक कोर्टात गेले. पालकांची संमती हवी असं खालच्या कोर्टाने म्हटलं, पण २००९ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने बोर्डाचा अधिकार मान्य केला. तेव्हा ‘आमच्या संमतीशिवाय कसं केलं’ हा मुद्दा कायद्यात टिकत नाही. मात्र फेरनेमणुकीसाठी अर्ज करण्याची आणि तो नाकारला तर बोर्डापुढे सुनावणी मागण्याची तरतूद राज्याच्या कायद्यात आहे, ती प्रत्येकाला आहे.

आता तुमचा दुसरा प्रश्न, भारतीयांवर आणलं का. एखाद्या मुलाचा वंश पाहून त्याची शाळा ठरवण्यावर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००७ च्या सिएटल आणि लुईव्हिलच्या निकालात कडक बंधनं घातली. वेकने तर त्याआधीच, २००० मध्ये, वंशाऐवजी कुटुंबाची आर्थिक स्थिती पाहायचं धोरण आणलं होतं. कुठल्याही शाळेत सवलतीच्या जेवणाला पात्र असलेली मुलं ४० टक्क्यांपेक्षा जास्त नसावीत, असं उद्दिष्ट होतं. देशभर त्याचं कौतुक झालं. पण ते सांभाळायला नोड वारंवार हलवले गेले, त्यात वाढीमुळे होणाऱ्या बदल्यांची भर पडली, आणि लोक कंटाळले. २००९ च्या निवडणुकीत बोर्ड बदललं, मार्च २०१० मध्ये ५ विरुद्ध ४ मतांनी ते धोरण गेलं. मग २०१२ मध्ये पत्त्याऐवजी पालकांच्या पसंतीक्रमावर शाळा द्यायचा प्रयोग झाला. ऐकायला छान वाटतो. पण ‘या पत्त्याला ही शाळा’ हे नक्की नसलं की घर घेणारे बिथरतात, आणि प्रत्येक मूल वेगळ्या दिशेला गेलं की बसचे मार्ग हाताबाहेर जातात. त्या ऑगस्टमध्ये बसचा गोंधळ उडाला, सप्टेंबरमध्ये सुपरिंटेंडेंटना (कौंटीतल्या शाळांच्या प्रशासकीय प्रमुखांना) जावं लागलं, आणि पुढच्या वर्षासाठी कौंटी पत्त्यावर परतली. आजचं धोरण चार खांबांवर आहे असं सांगतात : मुलांची शैक्षणिक प्रगती, स्थैर्य, घरापासूनचं अंतर, आणि कामकाजाची कार्यक्षमता. चारही एकदम कधीच साधत नाहीत. वाढत्या पश्चिमेला कार्यक्षमता आणि अंतर जिंकतात, स्थैर्य हरतं.

तेव्हा मसुद्यात तुमचं आडनाव पाहिलेलं नाही, हे मी खात्रीने सांगू शकतो. पण न बोलणाऱ्यांवर ओझं जास्त पडतं हे तुमचं निरीक्षण मात्र खरं आहे, आणि त्याचा सगळ्यात जास्त फटका बसतो अपार्टमेंटमध्ये राहणाऱ्यांना. कारण तांत्रिक वाटतं. एका कॉम्प्लेक्समध्ये शंभर-सव्वाशे मुलं एका जागी असतात. एक नोड, दोन बस, काम झालं. तेवढीच मुलं स्वतंत्र घरांतून काढायची तर तीन वसाहती हलवाव्या लागतात, म्हणजे तीन एचओए (घरमालकांच्या संघटना), तीन ईमेल मोहिमा, सुनावणीत एकाच रंगाचे टी-शर्ट. अपार्टमेंटला एचओए नसते, आईवडील संध्याकाळच्या पाळीवर असतात, किंवा त्यांना वाटतं आपण भाडेकरू, आपण काय बोलणार. त्यांत आपली एच-१बीवर नुकती आलेली कुटुंबंही आहेत. असे काही नोड दर थोड्या वर्षांनी या शाळेतून त्या शाळेत फिरत राहतात. प्रत्येक वेळचा निर्णय त्या त्या वेळी बरोबर वाटतो. सगळे एकत्र लावून पाहिले की त्यातला अन्याय दिसतो.

म्हणून माझी पालकांना कळकळीची विनंती असते, की प्रत्येक नोडचा इतिहास मसुद्याबरोबर मागा. हा नोड याआधी कुठल्या वर्षी हलला, कुठून कुठे गेला? ही माहिती असते, फक्त नकाशाशेजारी मांडलेली नसते. ती मांडली की ज्यांना गेल्या पाच वर्षांत हलवलं आहे त्यांना पुन्हा हलवणं बोर्डाला अवघड जातं. कदाचित यातून तुमचीच वसाहत हलणं जास्त योग्य आहे असंही निघेल. तरी मागा.

सुनावणीत बोलायला दोन-तीन मिनिटं मिळतात. वाया जाणारी भाषणं मी पुष्कळ ऐकली आहेत. घराची किंमत कमी होईल हे सांगू नका. बोर्डाला त्याचा विचार करता येत नाही आणि ऐकणाऱ्याच्या मनातून तुम्ही उतरता. ‘त्या शाळेचे गुण कमी आहेत, आमची मुलं तिथे मागे पडतील’ हे तर कधीच बोलू नका. त्या शाळेतल्या मुलांचे आईवडील, त्यांच्या शिक्षिका, कधी कधी ती मुलंसुद्धा त्याच खोलीत बसलेली असतात. मोठ्यांच्या तोंडून आपल्या शाळेबद्दल असं ऐकल्यावर खाली गेलेल्या माना मी पाहिल्या आहेत, आणि बोलणारे आपल्यातले शिकलेसवरलेले, एरवी अतिशय सज्जन लोक होते. शाळांना गुण देणाऱ्या वेबसाइटवरचे दहापैकी किती हे आकडे बऱ्याच अंशी तिथल्या घरांची मिळकत सांगतात. शिक्षिका वर्गात काय करते ते त्यांत फारच थोडं उतरतं.

उपयोगी पडतं ते जागेवरचं ज्ञान, जे आम्हाला नकाशावर दिसत नाही. आमच्या दोन नोडमध्ये मिळून प्राथमिकची इतकी मुलं आहेत, ती एकाच रस्त्याने बाहेर पडतात, निम्मी नेली तर त्याच चौकात दोन शाळांच्या बस थांबतील. या चार गल्ल्यांतली मुलं आज चालत जातात, नव्या शाळेला जाताना हायवे ओलांडावा लागेल म्हणजे बस लागेल. मसुद्यात अपूर्ण दाखवलेला टप्पा मार्चमध्ये भरला आहे. पुढे मिडल स्कूलला आमची दहा-पंधराच मुलं बाकीच्यांपासून तुटून वेगळ्या शाळेत जातील. या शेवटच्या मुद्द्याकडे पालकांचं लक्ष सहसा जात नाही, पण नियोजनाच्या टेबलावर त्याला वजन असतं. आणि शक्य असेल तर पर्याय द्या, ज्याने दोन्ही शाळांच्या जागांचं गणित जुळतं : आमचे दोन्ही नोड एकत्र ठेवा, एकत्र न्यायचे असले तरी चालेल. पहिल्या मसुद्यानंतर बदल होतात, आणि बदल करून घेणारी पत्रं बहुतेक वेळा अशी एका पानाची, आकडे असलेली असतात. पाचशे सह्यांचा अर्ज वाचायला एक मिनिट पुरतं.

शेजारच्या अपार्टमेंटमधल्या दोघा-तिघांना बरोबर घेऊन जा. त्यांना वेळ नसेल तर त्यांचं म्हणणं लिहून घ्या आणि त्यांच्या नावाने द्या.

घराबद्दलही बोलायला हवं, कारण हे वाचणारे काही जण आत्ता घर शोधत असतील. शाळेच्या हद्दीला पैशात किंमत असते हे खरं आहे. सँड्रा ब्लॅक या अर्थतज्ज्ञांनी बोस्टनच्या उपनगरांत रेषेच्या दोन बाजूंची सारखी घरं ताडून पाहिली. गुण ५ टक्क्यांनी जास्त असलेल्या शाळेसाठी लोक सुमारे २.५ टक्के जास्त मोजतात असं त्यांना १९९९ मध्ये दिसलं. पण रेषा जिथे स्थिर आहे तिथलं हे मोल आहे. तुमच्या भागात वसाहत जितकी नवी आणि आजूबाजूची जमीन जितकी मोकळी, तितकी रेषा कच्ची. शिवाय वेकमध्ये भरलेल्या शाळांना पटाची मर्यादा घालतात. मर्यादा लागल्यानंतर त्या हद्दीत राहायला आलेल्या कुटुंबाच्या मुलाला दुसऱ्या, जागा असलेल्या शाळेत पाठवलं जातं. रिअल्टरच्या जाहिरातीत हे नसतं. कौंटीच्या संकेतस्थळावर पत्ता घालून पाहा, मर्यादा आहे का विचारा, आणि नगर परिषदेच्या नकाशावर दोन मैलांत काय मंजूर झालं आहे ते बघा.

आणि वाढ कायमची असते असंही नाही. अमेरिकेत २००७ मध्ये ४३ लाखांवर बाळं जन्मली, २०२० मध्ये सुमारे ३६ लाख. नॉर्थ कॅरोलायनाने २०११ मध्ये चार्टर शाळांच्या (सरकारी पैशावर चालणाऱ्या स्वायत्त शाळांच्या) संख्येवरची शंभराची मर्यादा उठवली, २०२३ मध्ये खासगी शाळांसाठीची आर्थिक मदत सगळ्या उत्पन्नगटांना खुली केली. त्यामुळे घरं वाढली तरी सरकारी शाळेतला पट त्या वेगाने वाढत नाही. टेक्सासमधलं फ्रिस्को १९९० मध्ये ६,१३८ वस्तीचं होतं, २०२० मध्ये २,००,५०९. तिथल्या शालेय जिल्ह्याने शाळांमागून शाळा उघडल्या, आणि २०२४ मध्ये एक मिडल स्कूल बंद करायचं ठरवलं. नव्या वसाहतीत एकाच वयाची कुटुंबं येतात, मुलं एकदमच मोठी होतात, आणि २०२२ च्या आधीचं कमी व्याजाचं कर्ज असलेला माणूस घर सोडत नाही. म्हणून नवी मुलं येत नाहीत. एपेक्सलाही हे दिवस येतील. आजची रेषा आखताना त्याचाही विचार झाला आहे का, हे विचारायला हरकत नाही.

शेवटी तुमची दोन मुलं. मुलीचं प्राथमिकचं एकच वर्ष उरलं आहे, तिच्यासाठी स्थैर्याच्या कारणावरून बदली मागा, म्हणजे आहे त्याच शाळेत पाचवी पूर्ण करता यावी. वरच्या इयत्तेतल्या मुलांना अशी मुभा बहुधा मिळते, पण बस मिळेल हे धरून चालू नका. रोज सोडणं-आणणं तुमच्याकडे येईल. अर्जाची मुदत लहान असते आणि उशिराला माफी नसते. मुलाला मात्र पहिल्या दिवसापासून नव्या शाळेत घाला, भावंडं एकत्र राहावीत म्हणून त्याला वर्षभरासाठी जुन्या शाळेत नेऊ नका, नाहीतर एका वर्षाने त्याचीच बदली होईल. नव्या शाळेच्या मुख्याध्यापकांची नेमणूक शाळा उघडण्याच्या बरीच आधी होते. त्यांना भेटा, पीटीए (पालक-शिक्षक संघटना) उभी राहत असेल तर पहिल्याच बैठकीला जा. मल्टी-ट्रॅकचं वर्ष जुलैमध्ये सुरू होतं आणि मुलीची जुनी शाळा साध्या वेळापत्रकाची असेल तर ती ऑगस्टच्या अखेरीस. म्हणून मुलाचा ट्रॅक हाती येईपर्यंत उन्हाळ्यातली भारताची तिकिटं काढू नका.